यंदा दार उघडं ठेव

फुटबॉलची म्याच मी लग्नाआधी एकदाही पाहिली नव्हती आणि लग्नानंतरही कित्येक वर्षं पाहिली नाही. तरीसुद्धा आमच्या पेठेच्या टीमबद्दल माझ्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. त्या काळी बायका मैदानावर जात नसत. आमच्या माडीवरून मैदान दिसायचं नाही, पण ऐकू यायचं. गोल झाला की आरोळी उठायची आणि ती कुणाची हे मला तिथल्या तिथं कळायचं. आमच्या पेठेची आरोळी एकदम फुटायची, कारण आमची माणसं श्वास धरून बसलेली असायची आणि गोल क्वचितच व्हायचा. पलीकडच्या पेठेची आरोळी आधी हळू सुरू होऊन मग चढत जायची. गोल होणारच, हे त्यांना आधीपासून ठाऊक असायचं जणू. त्या माजाचा मला लहानपणापासून राग होता. आणि नेमकी त्याच पेठेत मला दिली.

आमच्या गावात प्रत्येक पेठेला तालीम आणि प्रत्येक तालमीची टीम. पहाटे तांबड्या मातीत घुमणारी पोरं संध्याकाळी मैदानावर पळायची. आमचा रंग तांबडा, त्यांचा निळा. जिंकलेल्या टीमची मिरवणूक मैदानावरूनच निघायची, हलगीच्या कडकडाटात, गुलाल उधळत. आपल्या पेठेत आली की घराघरापुढं बायका खेळाडूंच्या पायांवर पाणी घालायच्या, ओवाळायच्या. आणि हरलेल्या पेठेतून ती जायला लागली की त्या पेठेनं दारं लावून घ्यायची. शिवीगाळ नाही, दगड नाही, नुसती दारं लावायची. मग जिंकणारे मुद्दाम त्या बंद दारांपुढं थांबून हलगी वाजवायचे. आमच्या घरी कडी घालायचं काम माझं होतं. मी ती अशी काही आदळायची की आई म्हणायची, "अगं, दार निखळून हातात ईल की!" मग मी फटीला डोळा लावून निळे सदरे जाताना बघायची आणि मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालायची.

आबा, माझे वडील, शाळेत गणित शिकवायचे. वर्गात काटेकोर माणूस, पण टीमचा हिशोब मात्र त्यांना कधी जमला नाही. दिवाळी झाली, मैदान वाळलं, हंगाम तोंडावर आला की ते सुपारी कातरत म्हणायचे, "यंदा आपलंच." दर वर्षी तेवढ्याच खात्रीनं. माझा थोरला भाऊ, दादा, त्या टीमचा सेंटर हाफ. तो आबांच्या पुढ्यातल्या दोन सुपाऱ्या उचलून तोंडात टाकायचा आणि मैदानावर निघून जायचा.

संस्थान मुंबई राज्यात गेलं, त्याच सुमाराला मी त्या निळ्या पेठेत गेले. दोन्ही विलीनीकरणांत माझं मत कुणी विचारलं नाही. स्थळ चांगलं होतं, नाही म्हणायला जागा नव्हती. मामंजी कचेरीत कारकून आणि तालमीच्या कमिटीवर. हेही नोकरीत. धाकटे दीर कॉलेजात होते आणि निळ्या टीमकडून खेळायचे. पाठवणीच्या वेळी आबा मामंजींना म्हणाले, "पोरगी दिली, पर बाजू दिली न्हाय." सगळा मांडव हसला. मामंजी हसले नाहीत.

पहिल्याच हंगामात निळ्यांनी आमच्या टीमला सेमी फायनलला पाडलं आणि पुढं शिल्डही नेली. मिरवणूक दारात आली तेव्हा सासूबाईंनी तबक माझ्या हातात दिलं. "सून हायस घरची. ओवाळ." माझ्या दादाला हरवून आलेल्यांना मी ओवाळायचं! मी ओवाळलं. कसं ते मलाच माहीत. दीर पुढं उभे, डोक्यापासून पायापर्यंत गुलालात. म्हणाले, "वैनी, जरा हसा की. तुमच्या तोंडाकडं बघून निरांजन इझाय लागलंय."

मला हसू आलं. ह्याच रस्त्यावरून एकदा तांबडी मिरवणूक यावी, पुढं दादा असावा आणि मी माझ्या ह्याच दारात उभी राहून त्याला ओवाळावं, एवढंच मला त्या वेळी वाटलं. मैदानावरून आमच्या पेठेकडं जायचा रस्ता ह्याच दारावरून जात होता. पण ते जिंकून आले की इथलं दार लागणार, हेही मला कळत होतं. कळून उपयोग नसतो. पुढची सगळी वर्षं मी तेवढंच मागत राहिले.

तांबड्या टीमनं मात्र मला रडवायचं ठरवलेलं होतं. एका साली गोलकीपर हाताला लागून बसला. एका साली बॅकनं आपल्याच गोलात बॉल घातला, आणि तो बॅक पुढं कितीतरी दिवस भाजी आणायलासुद्धा पेठेबाहेर पडला नाही. दर साली पाऊस ओसरला की मी पुन्हा नव्यानं आशा धरायची. भाकरी थापताना टीम लावायची: ह्याला डावीकडं घ्या, त्याला बसवा. मंडईत माहेरची भाजीवाली भेटली की भाजी राहायची बाजूला. "सराव कसा चाललाय गं?" मी विचारायची. ती म्हणायची, "रंकाळ्याभोवतीनं पळवाय लागलाय वस्ताद पोरास्नी." मला तेवढं पुरायचं. त्या पळण्यावर मी अख्खी शिल्ड उभी करायची.

मग ते साल आलं. गौरीला दादा मला न्यायला आला. माहेरी जेवणं झाल्यावर आम्ही दोघं माडीवर बसलो होतो, तेव्हा त्यानं सांगितलं की मुंबईतल्या एका गिरणीची टीम त्याला बोलावतेय. नावाला खात्यात नोकरी, खरी नोकरी मैदानावर. खेळायचा पगार.

"म्हंजे पेठ सोडणार तू?" मी विचारलं.

"किती दिस फुकट खेळायचं? गुडघाबी आता कुरकुर कराय लागलाय." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "ह्यो एक हंगाम खेळून जातो. तसं सांगून आलोय त्यास्नी."

मग त्यानं टीम सांगायला सुरुवात केली आणि त्याचा चेहरा उजळला. गोलला शाहूवाडीकडचा एक पोरगा आलाय, पेठेत मामाकडं शिकायला. भाताची लावणी करून बोटं अशी झाल्यात की हातात आलेला बॉल सुटत न्हाय. पुढं शिरोळकडचा एक उसातला गडी हाय, शॉट मारला की पोस्ट हलतोय. मी ऐकत होते आणि माझा जीव वरखाली होत होता. खाली आबा, दिवाळीचीही वाट न बघता, कुणाला तरी म्हणत होते, "यंदा आपलंच." पहिल्यांदाच मला ते खरं वाटलं.

निघताना दादा हसत म्हणाला, "यंदा दार उघडं ठेव."

"माझ्या बापाचं घर हाय व्हय ते?" मी म्हटलं. पण तो शब्द माझ्या मनात रुतून बसला. यंदा नाही तर कधीच नाही, हे मला समजलं होतं.

आता दिरांचं सांगायला हवं, कारण माझी अडचण तेच होते. माणूस वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. पण मला फुटबॉल दाखवला तो त्यांनीच. एका दुपारी मी आरोळ्यांवरून म्याच ओळखते असं बोलता बोलता म्हटलं, तर ते बघतच राहिले. "म्हंजे वैनी, तुम्हांस्नी खेळ म्हायतीच न्हाय?" त्यांनी सारीपाटाच्या डब्यातून चिंचोके आणि कवड्या काढल्या आणि स्वयंपाकघरातल्या जमिनीवर मांडल्या. चिंचोके तांबड्यांचे, कवड्या निळ्यांच्या, आणि बॉल म्हणून एक हरभरा. त्यातला एक टपोरा चिंचोका दादाचा. "तुमचा दादा हितनं बॉल असा काढतोय की आमचा हाफ नुस्ता बघत ऱ्हातोय," ते म्हणाले आणि त्यांनी हरभरा कवडीच्या कुशीतून अलगद पुढं सरकवला. इतकी वर्षं मी नुसता आवाज ऐकला होता. माझा भाऊ खेळतो कसा, हे मला त्या दिवशी चुलीपुढं बसून कळलं. पुढं प्रत्येक म्याचनंतर ते चिंचोके मांडायचे. दादाच्या चिंचोक्याला त्यांनी कधी खोटं हरवलं नाही.

त्या काळी बरीचशी पोरं अनवाणीच खेळायची, घोट्याला पट्टी बांधून. दिरांनी मात्र त्या साली बूट करून घेतले. कोल्हापुरी चपला शिवणाऱ्या एका कारागिराला गळ घालून त्यांनी ते शिववले, तळाला चामड्याचे गट्टू ठोकून. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात, तशी आमच्याकडं विळी-कोयत्याशेजारी फुटबॉलची पूजा व्हायची. दिरांनी बूटही आणून ठेवले आणि सासूबाईंचा पारा चढला. "चामड्याचं पायताण देवाम्होरं? डोस्कं फिरलंय व्हय तुझं?"

"मग इतकी वर्सं बॉल कसा ठिवतीस? त्यो काय लोकरीचा हाय?"

सासूबाईंनी बुटांवर हळदकुंकू टाकलं, पण ठेवले ते जमिनीवर, पाटावर नाही. मीही फूल वाहिलं. दादाचे आणि दिरांचे, दोघांचेही पाय सुखरूप ठेव आणि शिल्ड माझ्या माहेरी जाऊ दे, असं म्हटलं. देवालाही कोड्यात टाकायचं ते असं.

बूट पायाला लागायचे. सरावाहून आले की टाचा सोललेल्या असायच्या. मी हळद आणि खोबरेल गरम करून द्यायची. ते तोंड वेडंवाकडं करत म्हणायचे, "दादाला सांगा, फायनलला गाठ हाय."

आणि खरंच गाठ पडली. हंगाम चढत गेला तसा माझा जीव थाऱ्यावर राहीना. तांबडे जिंकत होते, निळेही जिंकत होते. शाहूवाडीचा पोरगा बॉल सोडत नव्हता. जेवायला बसलं की मामंजी आणि हे फुटबॉलचं अवाक्षर काढत नसत, माझ्यामुळं. ते मौन मला बोलण्यापेक्षा जास्त टोचायचं.

फायनलच्या दिवशी पुरुषमाणसं मैदानावर गेली. मी उगाच तांदूळ निवडत बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "माडीवर जा. मला काय दिसत न्हाय व्हय? सकाळी पिठात मीठ दोनदा घातलंस."

मी जिन्यावरून धावतच वर गेले. हे घर मैदानाला जवळ, त्यामुळं शिट्टीसुद्धा ऐकू येत होती. आधी निळ्यांची आरोळी चढली. मी खांबाला धरून उभी राहिले. मग बराच वेळ नुसता गलका. आणि एकाएकी आमची आरोळी फुटली! बरोबरी झाली. ऊन उतरायला लागलं. निळ्यांची आरोळी पुन्हा चढायला लागली, चढत चढत गेली आणि मधेच थांबली. सगळं मैदान गप्प झालं. पेनल्टी असावी, असं मला वाटलं. त्या शांततेत मी दादाचं नाव घेत होते. मग एक मोठा "आऽऽ" ऐकू आला, हजारो माणसांना एकदम ठेच लागल्यागत. आणि थोड्याच वेळानं आमची आरोळी. ती थांबेचना. हलगी सुरू झाली तरी ती चालूच.

मी माडीवर एकटी होते. पदर तोंडात कोंबून रडले, मग एक फुगडीची गिरकी घेतली, मग परत रडले. इतकी वर्षं मागितलेलं मिळालं की माणूस काय करतो?

दिवेलागणीला मामंजी आणि हे परत आले. मामंजींनी पाय धुतले, टोपी खुंटीला लावली आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "मी परड्यात बसतोय. म्होरलं दार उघडं हाय का लावलंय, मला ठावं असायचं कारन न्हाय." एवढं बोलून ते मागच्या अंगणात गेले. ह्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि तेही त्यांच्यामागं गेले. मला परवानगी मिळाली होती, एका शब्दानंही न देता. मी दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिले. तबक मागायचं धाडस मात्र मला झालं नाही. ते निळ्यांसाठी निघणारं तबक होतं. उघडं दार पुरे, असं मी मनाला समजावलं.

तेवढ्यात परड्याच्या बाजूनं दीर आले. बुटांच्या नाड्या बांधून ते गळ्यात अडकवलेले. स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून खालीच बसले.

"वैनी, पेनल्टी मी मारली. बॉल वरनं गेला."

मी उंबऱ्यातूनच त्यांच्याकडं वळले.

"तुमचा दादा आला माझ्याकडं. पाठीवर हात ठिवला. म्हनला, बूट नवं हायती, व्हतंय तसं." आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू त्यांना फुटलं.

हलगी आमच्या रस्त्याला लागली. खालच्या अंगापासून दारं लागायला लागली. एक कडी, दुसरी, तिसरी, एकेक घर जवळ येत. तो आवाज मी जन्मभर आतून ऐकला होता, पण उघड्या दारात उभं राहून कधी ऐकला नव्हता. दिरांनीही ऐकला. ते उठले, हौदावर तोंड धुतलं, सदरा बदलला आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"दादा जिंकून आलाय. घरातला एक तर गडी दारात पायजे की."

सगळ्या पेठेत एकच दार उघडं, आणि त्या दारात ज्याची पेनल्टी हुकली तोच उभा. बंद दारांच्या फटीफटीतून डोळे असणार, हे मला माहीत होतं. फटीतून बघणारी मीही एके काळी तशीच होते. उद्यापासून ह्या मुलाला ह्या रस्त्यानं चालायचं होतं.

वळणावर मशाली दिसल्या. दादा कुणाच्या तरी खांद्यावर होता. गुलालात त्याचे फक्त दात दिसत होते. त्यानं उघडं दार बघितलं आणि हात वर केला. मी त्याला डोळे भरून पाहिलं. किती देखणा दिसत होता माझा भाऊ! मग मी दिरांना आत ओढलं आणि दार लावलं. कडी घातली, पण लहानपणी घालायची तशी नाही, आवाज न होऊ देता.

मिरवणूक जवळ आली. आता थांबतील, हलगी घुमवतील, म्हणून मी दाराला पाठ लावून उभी राहिले. पण आमच्या दारापुढं हलगी थांबली नाही. कुणीतरी "चला, चला, म्होरं" म्हणालं. तो आवाज दादाचा होता.

मागं वळले तर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. हातात तबक, निरांजन पेटवलेलं, गुलालाची वाटी, पाण्याचा तांब्या.

"अगं, लावलंस व्हय दार?" त्या म्हणाल्या. "मी वाती वळत बसलो हुतो. म्हनलं भाऊ येतोय तुझा, रिकाम्या हातानं हुबी ऱ्हाशील."

त्यांनी तबक देवापुढं नेऊन ठेवलं. तेल संपेस्तोवर ते निरांजन तिथं तेवत राहिलं आणि मी त्याच्याकडं बघत राहिले.

मुंबईला जायच्या दिवशी दादा निरोप घ्यायला आला. सासूबाईंनी मला काही न विचारता तबक हातात दिलं. मी त्याला त्याच दारात ओवाळलं. धुतलेला सदरा, विंचरलेले केस, शेजारी ट्रंक. मी दाराबद्दल बोलायला लागले तर त्यानं बोलू दिलं नाही. "बरं केलंस. तुझं दार उघडं बघून मला जिंकल्यागतच वाटंना. ते लागलं तवा वाटलं." तो हसला. मीही हसले. पण मला ओवाळायचं होतं रे, तुला, त्या गुलालात. हे मी त्याला तेव्हा म्हटलं नाही आणि पुढंही कधी नाही. पेठेच्या मैदानावर तो परत खेळला नाही.

पुढच्या वर्षी दिवाळी झाली आणि मैदान वाळलं. माहेरी आबा सुपारी कातरत "यंदा आपलंच" म्हणाले असणार. एका दुपारी दिरांनी डबा काढला आणि नवीन हंगामाची मांडणी करायला बसले. गोलला कोण, पुढं कोण, सगळं सांगत चिंचोके लावत गेले. शेवटी एक टपोरा चिंचोका त्यांच्या हातात राहिला.

"वैनी, ह्यो कुठं ठिवू?"

मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि मुठीत धरला. म्हटलं, "ह्याला राहू द्या माझ्याजवळ. तुम्ही खेळा."